मधुमेही बोक्याला पहाटेपासून उलट्या, सातचं इन्सुलिन द्यायचं का?

गोदाकाठ
मंगळवार, सकाळी ६:४८

घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आमचा बंड्या, दहा वर्षांचा बोका, नसबंदी झालेला, वजन ५.४ किलो. सात महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. तेव्हापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सात, ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन २ युनिट. सगळं मार्गी लागलं होतं.

पहाटे तीनला पहिली उलटी झाली, रात्रीचं चिकन जसंच्या तसं पडलं. साडेचारला पांढरा फेस. आत्ता सव्वासहाला पिवळं पाणी, चमचाभर. वाटी पुढे सरकवली तर वास घेतला आणि तोंड फिरवलं. एरवी वाटी वाजली की पायांत घुटमळणारा प्राणी, आत्ता कपाटाखाली पाय पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसलाय.

सातला इन्सुलिनची वेळ. रिकाम्या पोटी दिलं तर साखर धाडकन खाली जाईल, नाही दिलं तर वर चढेल. डॉक्टर फोन उचलत नाहीयेत, दवाखाना दहाला उघडतो. यातून कुणी गेलंय का? हात थरथरतायत माझे.

पारिजातक
मंगळवार, सकाळी ६:५५

ताई, आधी साखर मोजा. तोवर सुईला हात लावू नका. ग्लुकोमीटर असेलच घरी. कान तळहातात धरून जरा गरम करा, कडेच्या शिरेजवळ टोचा. हिरडीवर बोट फिरवून बघा, ओली लागते की चिकट. रात्रीत शू किती झाली? इथेच आहे मी.

गोदाकाठ
मंगळवार, सकाळी ७:०६

साखर ३१८. हिरड्या चिकट लागतायत. ट्रेमध्ये शूचे तीन मोठे गोळे, नेहमी दोन असतात.

पारिजातक
मंगळवार, सकाळी ७:१५

३१८ म्हणजे साखर उतरल्यामुळे हे होत नाहीये, एक भीती गेली. आता दुसरीकडे बघायचं.

आमची चिंगी चार वर्षं इन्सुलिनवर होती. तिच्या डॉक्टरांनी एक नियम कागदावर लिहून दिला होता: खाल्लं नाही आणि साखर कमी असेल तर इन्सुलिन थांबवायचं, खाल्लं नाही पण साखर चढलेली असेल तर अर्धा डोस, आणि दोन्ही वेळा त्यांना फोन. हा नियम चिंगीचा. बंड्याचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, दर पाच मिनिटांनी फोन लावत राहा. मला एवढंच सांगायचंय की रिकाम्या पोटी आपल्या मनाने पूर्ण डोस द्यायचा नाही, आणि 'आज राहू दे, उद्या बघू' असंही करायचं नाही. मी एकदा तेच केलं होतं. चिंगी दोन दिवस नीट खात नव्हती म्हणून मी दोन दिवस इन्सुलिनच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास यायला लागला. पाच रात्री सलाइनवर काढल्या तिने.

त्याला कारण कीटोन. इन्सुलिन कमी पडलं की पेशींना साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन सुटतात आणि रक्तात आम्ल वाढतं. त्या आम्लाने मळमळ होते, मळमळीने खाणं सुटतं, उलट्यांनी पाणी जातं, आणि कीटोन आणखी वाढतात. बाहेरून बघणाऱ्याला नुसती उलटीच दिसते.

मेडिकलमध्ये लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या मिळतात, माणसांच्याच. एक डबी आणायला पाठवा कुणालातरी.

गोदाकाठ
मंगळवार, सकाळी ७:४४

डॉक्टरांनी फोन उचलला! आकडा सांगितला तर म्हणाले एक युनिट द्या, काही भरवू नका, पाणी समोर ठेवा आणि दहा नाही, नऊलाच घेऊन या. एक युनिट दिलं. मिस्टर पट्ट्या आणायला गेलेत. शू पकडायची कशी पण? तो ट्रेमध्ये बसला की सगळं वाळूत जिरतं.

पारिजातक
मंगळवार, सकाळी ७:४९

आमटीची जुनी डाव घ्या, लांब दांड्याची. तो बसून शेपटी उचलली की मागून हळूच खाली धरा. पहिल्यांदा दचकेल, पुढे सवय होते. पट्टी बुडवली की घड्याळ लावा, कीटोनचा चौकोन १५ सेकंदांनी वाचायचा, उशिरा बघितलात तर रंग फसवतो. फिकट राहिला तर ठीक. जांभळ्याकडे झुकला तर नऊचीही वाट बघू नका.

माळरान
मंगळवार, सकाळी ८:२०

मी पशुवैद्य आहे, रुग्ण पाहिलेला नसल्यामुळे डोसबद्दल बोलणार नाही. पारिजातक यांनी योग्य दिशा दिली आहे. दवाखान्यात जाताना चार गोष्टी सोबत न्या: इन्सुलिनची बाटली किंवा पेन, वापरता ती सिरिंज, गेल्या आठवड्यातले साखरेचे आकडे, आणि उलटीचा मोबाईलवर काढलेला फोटो. फोटोचा संकोच करू नका. न पचलेलं अन्न, फेस, पित्त, रक्त, दोरा यांतलं काय होतं हे तोंडी सांगताना लोक हमखास गडबडतात. आणि गेल्या महिन्याभरात त्याला दुसरं कुठलंही औषध वा इंजेक्शन मिळालं असेल तर ते आवर्जून सांगा, कितीही किरकोळ वाटलं तरी.

गोदाकाठ
मंगळवार, दुपारी ३:१०

घरी आलो. सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत.

डाव धरून शू मिळाली. पट्टीवर अगदी हलका गुलाबी रंग आला, डॉक्टर म्हणाले कीटोन नुकते दिसायला लागलेत, आज आलात ते बरं झालं. सोनोग्राफीत स्वादुपिंड सुजलेलं दिसलं. नक्की करायला रक्ताची वेगळी तपासणी पाठवलीय, दोन दिवसांत कळेल. कातडीखाली सलाइन दिलं, मानेमागे उंटासारखा फुगा आला होता, तो उतरत चाललाय. उलटी थांबायचं आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं. तीन दिवस रोज न्यायचंय.

आणि माळरान सर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मला घाम फुटला. सोळा दिवसांपूर्वी बंड्या मान खाजवून खाजवून रक्त काढत होता. आमचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं. तिथे एक इंजेक्शन दिलं, 'महिनाभर काम करेल' म्हणाले. त्यांनी दुसरा काही आजार आहे का हे विचारलं नाही, आणि खाजेच्या काळजीत मीही बोलले नाही. आज चिठ्ठी दाखवली तेव्हा कळलं, ते बराच काळ टिकणारं स्टिरॉइड होतं.

माळरान
मंगळवार, रात्री ९:३५

बरेच जण हा धागा पुढे वाचतील म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टिरॉइडमुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. मांजरांत हे इतकं ठळक असतं की काही मांजरांना मधुमेह मुळात अशा इंजेक्शनांनंतरच होतो. सात महिने २ युनिटवर नीट असलेला बोका ३१८वर जातो, जास्त शू करतो, पाणी कमी पडतं, कीटोन दिसू लागतात, हे सगळं त्या इंजेक्शनशी जुळतं. स्वादुपिंडाची सूज त्याच्यामुळेच आली असं मात्र मी म्हणणार नाही. मधुमेही मांजरांत ती एरवीही वारंवार आढळते, आणि सूज आली की साखर आणखी बिघडते. गोळी असती तर उद्यापासून बंद करता आली असती. टिकाऊ इंजेक्शन शरीरातून काढून घेता येत नाही, काही आठवडे त्याचा जोर राहतो. तेवढे दिवस साखर जवळून पाहायची.

स्वादुपिंडाच्या सुजेत कुत्री भडाभडा ओकतात. मांजरं कित्येकदा ओकतही नाहीत, नुसती गप्प होतात आणि खाणं सोडतात. म्हणून 'उलटी थांबली म्हणजे बरं झालं' असं धरू नका, खातोय का ते बघा. पूर्वी अशा रुग्णाला दोन-तीन दिवस उपाशी ठेवायची पद्धत होती. मांजराच्या बाबतीत ती मागे पडली, कारण मांजर, त्यातून जाड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठायला लागते आणि तो दुसराच जीवघेणा आजार उभा राहतो. आता मळमळ औषधाने थांबवायची आणि शक्य तितक्या लवकर थोडं थोडं खायला घालायचं.

सोनचाफा
मंगळवार, रात्री १०:०२

माझ्या मोलीला उलट्या झाल्या की आई ओव्याचं पाणी द्यायची, बरं वाटायचं. साखरेसाठी कारल्याचा रस एक चमचा रोज असंही कुणीतरी सांगितलं होतं. तसं काही करून बघता येईल का?

पारिजातक
मंगळवार, रात्री १०:२०

सोनचाफा, प्रेमाने सुचवताय हे कळतं, पण नको. मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी आहे, कारल्याचा रस जबरदस्तीने पाजला तर आणखी एक उलटी होईल, आणि पाजताना श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया. साखरेचं काम इन्सुलिन करतंय, त्याच्या जोडीला जिचा परिणाम मोजता येत नाही अशी गोष्ट घातली तर आकडा का हलला ते कुणालाच कळणार नाही.

आपल्या घरांतून सहज दिल्या जाणाऱ्या गोष्टी सांगते, सगळ्या चिंगीच्या वेळी शिकले. दूध नको, मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. माणसांचं ओआरएस नको, त्यात ग्लुकोज असतं. कांदा-लसणाचा रस्सा, मसाल्यातलं धुऊन घेतलेलं चिकन नको, कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. केसांच्या गोळ्यासाठी मिळणारी माल्टची पेस्ट मधुमेही मांजराला विचारल्याशिवाय नको, माल्ट म्हणजे साखरच. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीच नको, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आमच्या सोसायटीत एक पिल्लू असंच गेलं, त्या बाईंनी अगदी मायेने दिली होती.

कऱ्हाकाठ
बुधवार, सकाळी ११:१५

माझा अनुभव उलट बाजूचा आहे, म्हणजे साखर उतरल्याचा. लिहितो, कारण याच्याही सुरुवातीला उलटीच होती.

आमच्या मन्याला ग्लार्जिन सुरू झालं तेव्हा सिरिंज संपल्या म्हणून जवळच्या मेडिकलमधून आणल्या. त्यांनी लाल टोपणाच्या दिल्या, मी घेतल्या. सुई सारखीच, खुणा सारख्याच दिसतात. संध्याकाळी नेहमीप्रमाणे २च्या खुणेपर्यंत भरून दिलं. साडेदहाच्या सुमाराला मन्या एकदा ओकला, मग चालताना मागून डुलायला लागला, बाहुल्या मोठ्या झाल्या, हाक मारली तर माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता. साखर ४१.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. एका मिलीत ४० युनिटवालं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. आणि एका मिलीत १०० युनिटवालं, त्याची नारिंगी टोपणाची. मन्याचं ग्लार्जिन १००चं होतं. ते ४०च्या सिरिंजमध्ये २च्या खुणेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात जातात ५ युनिट. अडीच पट! त्या रात्री मी हिरडीवर मध चोळला, बोटाने, थोडा थोडा. तोंडात ओतला नाही, कारण अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या घशात काही ओतलं की ते फुप्फुसात जातं. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ५८. जरा सावरल्यावर ओलं खाणं दिलं. टॅक्सीत पाठीमागे बसूनही हिरडीवर मध चोळणं चालूच होतं. डॉक्टरांनी रात्रभर ग्लुकोजच्या सलाइनवर ठेवला, कारण मधाचा परिणाम तासाभरात ओसरतो आणि ग्लार्जिन पुढे कित्येक तास काम करत राहतं.

आज मन्या माझ्या शेजारी झोपलाय. पण घरातली प्रत्येक लाल टोपणाची सिरिंज मी त्याच आठवड्यात काढून टाकली.

गोदाकाठ
बुधवार, दुपारी १२:४०

कऱ्हाकाठ दादा, वाचता वाचता उठून डबा उघडला. सगळी टोपणं नारिंगी आहेत. मधाची छोटी बाटलीही फ्रीजवर आणून ठेवली.

बंड्या काल रात्री उलटी न करता झोपला. सकाळी साखर २८४, कीटोनचा चौकोन कोराच. गरम पाण्यात कालवलेलं ओलं खाणं बोटावर लावून पुढे केलं तर चाटलं, एक चमचा झाला असेल. मग माझं बोटही चाटत बसला. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

एडिसनकर
बुधवार, रात्री ८:०५

न्यू जर्सीतून. आमची मांजर इन्सुलिनवर नाही, गोळीवर आहे. अमेरिकेत मांजरांच्या मधुमेहासाठी तोंडाने द्यायची दोन औषधं आलीत: बेक्साग्लिफ्लोझिन, २०२२च्या डिसेंबरात मंजूर झालं, आणि व्हेलाग्लिफ्लोझिन, २०२३च्या ऑगस्टमध्ये. जादा साखर लघवीवाटे बाहेर काढायची, असं त्यांचं काम. आधी इन्सुलिन चालू असलेल्या मांजरांना ती देत नाहीत, त्यामुळे बंड्याला उपयोगाची नाहीत. तरी उलटीच्या संदर्भात एक गोष्ट सांगायलाच हवी.

या गोळीवर असताना रक्तातली साखर १३० दिसू शकते आणि तरीही आतून कीटोन वाढलेले असू शकतात. साखर शूतून निघून जाते, पण इन्सुलिनची उणीव तशीच राहते. म्हणून आमच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं की मांजर ओकलं, खाईना, मलूल झालं, की मीटरवर विसंबायचं नाही, थेट दवाखान्यात यायचं. इकडच्या कुणा मराठी घरात ही गोळी चालू असेल तर पारिजातक यांचा 'आधी साखर बघा' हा सल्ला तुमच्यापुरता अपुरा आहे. कीटोन बघा.

टोपणांबद्दल एक जोड: इकडे जनावरांसाठीचं खास इन्सुलिन ४०चं मिळतं, माणसांचं बहुतेक १००चं. भारतातून येताना कुणी काळजीपोटी सिरिंज घेऊन येतात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, ते जुळवल्याशिवाय भरू नका.

शेवंता
गुरुवार, सकाळी ७:३०

सगळ्यांचं वाचून धीर येतोय. माझं माहेर परळचं, बैलघोडा हॉस्पिटल घरापासून चालत पाच मिनिटांवर, लहानपणापासून जनावरं घेऊन येणारी माणसं बघितली. आता स्वतः त्यांच्यातली झाले. आमच्या राणीला दोन महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. उलट्या नाहीत, पण बारीकसारीक काहीतरी चालूच असतं. आठ दिवसांपासून ती ट्रेमध्ये सारखी जाऊन बसते, दोन थेंब करते, लगेच चाटत बसते. मागचे पायही टाचेवर टेकून चालते, सशासारखी. हे म्हातारपण समजायचं का?

माळरान
गुरुवार, दुपारी १:५०

शेवंताताई, म्हातारपण नका समजू, दोन्हीला कारण आहे.

आधी लघवीचं. साखर साधारण अडीचशेच्या वर राहिली की ती लघवीत उतरते, आणि गोड, पातळ लघवी म्हणजे जंतूंना आयतं घर. थेंब थेंब, सारखं जाणं, चाटणं हे संसर्गाकडे बोट दाखवतं. काही मधुमेही मांजरांत यातलं एकही लक्षण नसतं, फक्त साखर आवरत नाही, आणि लघवी तपासली की संसर्ग सापडतो. पोटातून बारीक सुईने नमुना घेऊन कल्चर करून घ्या, म्हणजे कुठलं प्रतिजैविक लागू पडेल ते कळेल. मागच्या वेळची उरलेली गोळी देऊ नका. राणी मादी आहे म्हणून मी उद्यापर्यंत थांबा म्हणू शकतो. हाच प्रश्न बोक्याचा असता आणि थेंबही बाहेर येत नसता तर मी आत्ता निघा म्हणालो असतो. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर काही तासांत जिवावर बेततं.

टाचेवर चालणं हा वाढलेल्या साखरेने नसांना बसलेला मार आहे. साखर ताब्यात आली की बऱ्याच मांजरांत सुधारतं, पण आठवडे जातात, काहींत महिने. तोवर फरशीवर सतरंजीचे पट्टे टाका, ट्रेची एक कड कापून खाली करा, उंच उडी मारायला लागेल अशा ठिकाणी वाटी ठेवू नका.

पारिजातक
गुरुवार, दुपारी २:३०

शेवंता, दातही बघून घे गं. चिंगीची साखर महिनाभर का चढतेय ते कळेना. शेवटी मागची एक दाढ पूर्ण सडलेली निघाली. ती काढली आणि तीन आठवड्यांत डोस कमी करावा लागला. तोंडात, कानात, कातडीत, कुठेही जुना संसर्ग ठसठसत असला तर इन्सुलिन जास्त लागतं. सर्दीचंही तसंच. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. साध्या मांजराला सर्दी झाली तर चार दिवस काढतील, पण इन्सुलिनवरचं मांजर एक वेळ जेवलं नाही तरी हिशोब बदलतो. मी बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली ठेवून, दार लावून तिला मांडीवर घेऊन बसायचे, नाक मोकळं झालं की लगेच गरम केलेली मासळी पुढे.

गोदाकाठ
शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

रिपोर्ट आला, स्वादुपिंडाचीच सूज. आज सलाइनचा शेवटचा दिवस होता. दिवसभरात चार वेळा मिळून नेहमीच्या अर्ध्याहून जास्त खाल्लंय. डॉक्टरांनी आता दीड-दीड युनिट केलंय, आणि रोज दोनदा साखर मोजून आकडे पाठवायला सांगितलेत. कोरडं खाणं बंद करून ओलं, कमी पिठाचं. खाजेचं मूळही सापडलं, पिसवा. मांजरासाठीचंच पिसवांचं औषध मानेवर टाकलं. घरात शेजारच्या कुत्र्याचं औषध पडलेलं होतं, तेच चालेल का विचारलं तर डॉक्टर खुर्चीतून उठलेच. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. साध्या पिसवांपासून हे सगळं सुरू झालं, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

टोचण्याचं एक जमलंय, ते सांगते. कानाच्या कडेला आधी व्हॅसलीनचं बोट फिरवायचं, मग टोचायचं. थेंब केसांत न पसरता मोत्यासारखा उभा राहतो. मागे कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई आपल्या बोटात जात नाही. टोचून झालं की लगेच उकडलेल्या चिकनचा एक धागा. आता मीटरची टिकटिक ऐकली की तो स्वतःच येऊन बसतो.

गोदाकाठ
पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ७:३५

धागा वर काढतेय, कारण पुढे जे झालं ते सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील.

तीन आठवडे साखर २००च्या आसपास होती. चौथ्या आठवड्यात उतरायला लागली: १७०, १३८, ११२. मी खूष. डॉक्टरांनी दीडचं एक युनिट केलं. गेल्या बुधवारी रात्री अकराला बंड्या नेहमीसारखाच खिडकीत बसला होता, डुलणं नाही, उलटी नाही, काहीच नाही. कऱ्हाकाठ दादांची पोस्ट डोक्यात होती म्हणून झोपायच्या आधी सहज टोचलं. ५२.

पुन्हा मोजलं, ५४. माणसांचं मीटर मांजराची साखर खरी असते त्याहून थोडी कमी दाखवतं हे मला माहीत होतं, पण त्यावर विसंबायची हिंमत झाली नाही. हिरडीवर मध, मग ओलं खाणं, दर वीस मिनिटांनी कान. रात्री दोनला ९६ झाली तेव्हा फोन खाली ठेवला. डॉक्टर तोपर्यंत फोनवर होते, त्यांचं हे ऋण मी विसरणार नाही.

त्यांनी समजावलं ते असं: स्टिरॉइडचा जोर ओसरला, सूज गेली, खाण्यातलं पीठ गेलं, पिसवांची खाज गेली. इन्सुलिनच्या विरोधात ओढणारं एकेक कमी होत गेलं आणि डोस मात्र जुन्या हिशोबाने चालला होता. काही मांजरांना पुढे इन्सुलिन लागतच नाही, बंड्या त्या वाटेवर असेल किंवा नसेल, ते आकडेच सांगतील. आता अर्धं युनिट, आणि साखर मोजल्याशिवाय एकही डोस नाही. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली बारीक सिरिंज शोधायला दोन दिवस गेले. मध्ये मला वाटलं होतं की सलाइनच्या पाण्यात पातळ करून मोजावं, डॉक्टर म्हणाले ग्लार्जिन पातळ करायचं नसतं, त्याचं हळूहळू सुटणंच बिघडतं.

फ्रीजवर मी एक तक्ता लावलाय: वेळ, साखर, डोस, किती खाल्लं, उलटी, शू, शी, दुसरं औषध. शेवटचा रकाना लाल पेनाने आखलाय. आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत 'बंड्या मधुमेही आहे, स्टिरॉइड देण्याआधी विचारा', तोच मजकूर त्याच्या पिंजऱ्यावरही चिकटवलाय. कुणाला तक्ता हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते.

शेवंता, राणीच्या कल्चरचं काय झालं? कळव गं.

आत्ताची सात वाजताची साखर १४२. पूर्ण वाटी संपवली, अर्धं युनिट दिलं, आणि आता उन्हात आडवा होऊन पाय चाटतोय.